एकाच सीटचा ट्रॅक्टर

आत्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची तेव्हा आमचं सगळ्यांचं बरं चाललं होतं. जे काही सांगायचं असेल ते ती दिवसभर नवशिक्यांना सांगून टाकायची आणि संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीवर जाऊन गप्प पडायची. आमच्याकडे ती फक्त रविवारी यायची, तीही जेवायला. तोंडात घास असला की माणसाला फार शिकवता येत नाही.

मग स्कूलच्या मालकाने गाड्या विकल्या, शटर ओढलं आणि तो मुलाकडे राहायला गेला. आत्याने खोली सोडली आणि ती आमच्याकडे राहायला आली.

आता तिला समोर नवशिके म्हणून आम्हीच उरलो. बाबांनी कपाट उघडलं की ती म्हणे, "आधी मागे बघावं, बाळ." आई कढईत तेल ओतत असली की पाठीमागून, "हळू. हळू. हळू म्हणतेय मी. झालं, सांडलं." ते तेल सांडायचं तिच्या तिसऱ्या 'हळू'ला दचकून, पण हे तिला कोण सांगणार? मी जिना उतरताना तिने मला वळणावर वेग कमी करायला सांगितलेलं आहे. टीव्हीत एखादी गाडी भरधाव निघाली की सोफ्यावर बसल्या बसल्या आत्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. तिथली सतरंजी विरली.

आणि सगळ्यांना बाळ. बाबा तिच्यापेक्षा धाकटे, त्यांचं एक वेळ ठीक आहे. पण गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनाही, "बाळ, पाना असा धरतात का?" ते पुन्हा आले नाहीत. शेगडीची एक बाजू अजून पेटत नाही.

माझ्या आईला चिडायच्या पायऱ्या आहेत. रोजची हाक 'ताई'. एक पायरी वर 'अहो ताई'. आणि अगदी माथ्यावर 'वन्सं'. आमच्या घरी 'वन्सं' हा शब्द ऐकू आला की बाबा चपला शोधतात. आत्या राहायला आल्यावर बाबांची एक चप्पल कायम दाराशी तयार असायची.

अशात मैदानाची बातमी आली. आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून फुटबॉलचं मैदान आहे. तिथला गवत कापणारा म्हातारा काम सोडून गेला होता आणि गवत गुडघ्याच्या दिशेने निघालं होतं. आत्या कुणालाही न विचारता मैदानाच्या सेक्रेटरींना भेटून आली. हे सेक्रेटरी कुठलंही वाक्य 'तसं म्हटलं तर' याशिवाय सुरू करत नाहीत. त्यांनी तिला सांगितलं, "तसं म्हटलं तर जागा रिकामी आहे. पण तसं म्हटलं तर यंत्रच नाही. मागच्या शेडमध्ये एक जुना बागेतला ट्रॅक्टर पडलाय, माझ्या लग्नाच्या आधीचा. तो चालू करून आणा. सामने सुरू व्हायच्या आधी मैदानाची एक फेरी मारून दाखवलीत तर ट्रॅक्टरही ठेवू आणि तुम्हालाही ठेवू. नाहीतर, तसं म्हटलं तर, दुसरा माणूस बघितलेला आहे आम्ही."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून ते डबडं आमच्या दारात उतरलं.

हा काही शेतातला मोठा ट्रॅक्टर नव्हे. मोठ्या ट्रॅक्टरला पिल्लू झालं आणि ते कुणी उन्हापावसात विसरलं, तर कसं दिसेल, तसा. पुढे एक नाक, मागे दोन जाडी चाकं, मधे एकच सीट आणि पोटाखाली गवत कापायचं पातं. रंग कधीतरी हिरवा असावा. नाकावरचं झाकण उचललं तर इंजिनावर उंदरांनी चिंध्यांचा पलंग केलेला. बाबांची स्कूटर स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या पत्र्याखालून हलली आणि तिच्या जागी हा पाहुणा बसला.

"मी काही बोलत नाही," आई म्हणाली. आई असं म्हणाली की पुढे बराच वेळ बोलते. ती बोलली.

आता कुठलाही शहाणा माणूस इंजिनापासून सुरुवात करेल. आत्याने सीटपासून केली. कारण पहिल्या धड्यात आधी सीट, मग आरसा, मग पायाखालची पेडल्स. हा क्रम तिने अर्ध्या गावाला शिकवलेला. एका डबड्यासाठी ती तो बदलणार नव्हती. आईच्या जुन्या रेक्झिनच्या पिशवीतून सीट शिवून झाली. तिच्या खालचा गंजलेला बोल्ट सोडवण्यात बाबांचा अख्खा रविवार गेला. मग आरसा. या ट्रॅक्टरला जन्मापासून आरसा नव्हता, पण आत्याने स्कूलच्या गाडीचा जपून ठेवलेला आरसा मला एका नळीला बांधून बसवायला लावला. मग ती त्या सीटवर बसून आरसा पाव इंच इकडे, पाव इंच तिकडे करत राहिली. खाली जाम झालेलं इंजिन, फुटलेले टायर, टाकीत गंज. आणि वर आमची आत्या, मागे कुणी येत नाहीये ना याची खात्री करत.

"ताई, हा चालत नाहीये," बाबा म्हणाले.

"म्हणूनच आधी आरसा. चालायला लागल्यावर वेळ मिळतो का?"

बाबांनी 'असो' म्हटलं. बाबा औषधांच्या दुकानात काम करतात. दिवसभर गिऱ्हाइकांची दुखणी ऐकून त्यांना 'असो'ची सवय लागलीय. खोकल्यालाही असो आणि कंबरेलाही असो.

इंजिनासाठी आत्याने स्कूलचा जुना मिस्त्री बोलावला. मिस्त्रीकडे एकच उत्तर आहे. पिस्टन जाम झालाय, सुटेल का? "होईल की." प्लगला ठिणगी येत नाही. "होईल की." तुम्ही काल येणार होतात. "होईल की." त्याने प्लग काढून त्या भोकात तेल ओतलं, भिजू द्या म्हणाला आणि आठवडाभर दिसला नाही. तेवढ्यात ते तेल खाली झिरपून फरशीवर आलं, फरशीवरून स्वयंपाकघरात आलं आणि आईच्या पायाला लागलं. आई थेट वरच्या पायरीवर गेली. बाबा एका चपलेवर बाहेर गेले.

खरा वैताग मात्र कामाचा नव्हता. वैताग होता तो हा, की आत्या कशाला हात लावायची नाही. तिचं एक स्टूल होतं, ते काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवायचं. डाव्याच. त्यावर ती हात मांडीवर ठेवून बसायची आणि सांगायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, त्यात निदान उंट लांब असतो. आमचा उंट कानाला लागून होता.

"डावीकडे फिरव. डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे. अगं, तुझी डावी कुठली? बाळ, घाबरू नकोस."

"मी घाबरले नाहीये."

"घाबरलेला माणूस हेच म्हणतो."

"आत्या, तू फिरव ना. तुला येतंय."

"मी फिरवलं तर तू शिकणार कधी?"

मला शिकायचं नव्हतं. मला सुट्टीत झोपायचं होतं. पण आत्याच्या डोक्यात जगात दोनच जागा होत्या, एक शिकणाऱ्याची आणि एक शेजारची, आणि शेजारची भरलेली होती.

तरी काम झालं. कसं झालं ते देवाला ठाऊक. पेट्रोलच्या टाकीत व्हिनेगर आणि मूठभर बारीक खडी घालून मी ती हलवत बसले, आतला गंज सुटावा म्हणून. आत्या ताल देत होती, "समोर, मागे, समोर. एका लयीत. ही लय आहे का?" कार्ब्युरेटरचं बारीक भोक बाबांनी तांब्याच्या तारेने उघडलं. ते म्हणाले, इंजेक्शनच्या सुईपेक्षा सोपं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून असो सोडून दुसरं काही निघालं. टायर बाबांच्या दुकानाच्या गोदामातल्या ढकलगाडीचे बसले. मागचा पट्टा मिस्त्री तीन वेळा चुकीच्या मापाचा घेऊन आला आणि प्रत्येक वेळी तो पट्टा ओढून ओढून पाहत म्हणाला, "होईल की."

इंजिन मात्र पेटेना. ते सुरू करायची दोरी ओढून माझा खांदा उतरायची वेळ आली. एकदा तर इंजिनाने दोरी उलटी ओढली आणि मी तोंडावर आपटता आपटता वाचले. बाबांनी पाना खाली ठेवला.

"ताई, पुरे आता. भंगारवाला परवा येतोय गल्लीत. हे घेऊन जाऊ दे त्याला. तुला इथे काय कमी आहे? बस ना आरामात."

आत्या स्टुलावर होती. मला वाटलं, आता बाळ म्हणून काहीतरी शिकवेल. ती मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

"आराम करून बघितला मी," ती म्हणाली. "सकाळी उठते, तुम्ही सगळे कुठे ना कुठे निघालेले असता. मी कुठे निघायचं? म्हणून मग तुमच्या मागे लागते. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? तुझी बायको चपाती लाटताना मला बघून पाठ फिरवते, तेही कळतं." मग म्हणाली, "मला कामावर जायचंय रे. उशीर झाला म्हणून घाईत चप्पल घालायचीय."

बाबांनी पाना उचलला. असो म्हणाले नाहीत.

मी इंजिनाच्या ठिणगी पाडणाऱ्या चक्राचं झाकण पुन्हा काढलं. त्या चक्राला जागेवर धरून ठेवणारी बोटाच्या पेराएवढी एक लोखंडी पट्टी असते. ती अर्धी तुटून चक्र तसूभर सरकलं होतं. म्हणून ठिणगी भलत्या वेळी पडत होती. मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "होईल की," आणि आश्चर्य म्हणजे त्याच संध्याकाळी नवी पट्टी घेऊन आला. बसवली, दोरी ओढली. डबडं शिंकलं, खोकलं आणि पेटलं. काळ्या धुराने आईचे दोरीवरचे सगळे पांढरे कपडे एका दमात वाया गेले. आई दारात आली, धुराकडे बघितलं, कपड्यांकडे बघितलं, आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न म्हणता आत गेली. बाबा म्हणाले, यापेक्षा वन्सं परवडलं.

त्यानंतर गल्लीत रोज सराव. चालवायची मी. आत्या डाव्या बाजूने चालत यायची, कारण ट्रॅक्टरला एकच सीट. क्लच दाब, गिअर टाक, क्लच हळू सोड, हाताने वेग वाढव. हा ट्रॅक्टर माणसाच्या चालीपेक्षा जरासाच जास्त पळतो, त्यामुळे ती धापा टाकत का होईना शेजारी असायचीच. "बाळ, कडेने. बाळ, कुत्रं. बाळ, ते झोपलंय, पण उठेल." मुलं मागे धावायची. माझी अब्रू गल्लीच्या टोकाला जाऊन परत यायची.

आत्याच्या परीक्षेच्या सकाळी आम्ही सगळे चहा पीत होतो. बाहेर टेम्पो येऊन उभा होता. आईने सहज विचारलं,

"ताई, तुम्ही स्वतः शेवटची गाडी कधी चालवली होती हो?"

आत्याने कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी आठवून बघितलं. सकाळी शिकणारा पोरगा तिला खोलीवरून घ्यायला यायचा आणि संध्याकाळी शिकणारी बाई सोडायची. रविवारी ती बसने यायची. आत्याला आम्ही गाडीत पुष्कळदा पाहिलं होतं. चालवताना कुणीच नाही. अर्ध्या गावाच्या हातात स्टिअरिंग देणाऱ्या बाईला हा प्रश्न कोण विचारणार, म्हणून कुणी विचारलाच नव्हता.

"हे काय विसरतं का कुणी?" आत्या म्हणाली.

मैदानावर सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते. मी ट्रॅक्टर सुरू केला आणि सवयीने सीटवर बसायला गेले. सेक्रेटरींनी हात वर केला. "तसं म्हटलं तर नोकरी यांची आहे."

आत्या चढली. सीट बघितली. आरसा बघितला. पुन्हा सीट बघितली. मागे एवढं मोकळं मैदान, एक कावळा सोडला तर वाहतूक नाही, तरी मान वळवून मागे बघितलं. मग ट्रॅक्टर निघाला आणि खरं सांगते, सरळ निघाला, दोरी आखल्यासारखा. बाबांनी श्वास सोडला. आत्या लहान लहान होत पलीकडच्या गोलपोस्टकडे गेली. आता तिथे तिने वेग कमी करायचा, क्लच दाबायचा, वळायचं.

वाऱ्यावर तिचा आवाज आला.

"बाळ, वेग कमी. वेग कमी कर. आता क्लच. क्लच. ब्रेक, बाळ. ब्रेक म्हणतेय मी."

ट्रॅक्टर पुढे चालत होता. ती सांगत होती आणि कुणीतरी दाबेल म्हणून वाट बघत होती. तिची पद्धतच ती. आधी सांगायचं, मग थांबायचं, आणि शिकणाऱ्याने नाहीच दाबलं तर अगदी शेवटच्या क्षणी स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला असतो तो जादा ब्रेक आपल्या पायाने दाबायचा. शेजारच्या सीटवरून तो शेवटचा क्षण तिला बिनचूक कळायचा. इथे तो जाळीत शिरल्यावर कळला. ट्रॅक्टर गोलमध्ये गेला, जाळी त्याच्या नाकावर, आरशावर आणि आत्यावर ओढली गेली, इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद पडलं.

आम्ही धावलो. आत्या जाळीत बसलेली, हातात स्टिअरिंग, चेहरा पांढराफटक. लागलं काही नव्हतं. सेक्रेटरी मागून चालत आले.

"तसं म्हटलं तर जाळी जुनीच होती," ते म्हणाले. "पण बाई, मला चालवणारं माणूस पाहिजे. सांगणारे, तसं म्हटलं तर, कमिटीत भरपूर आहेत."

आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. हे पाय आपले आणि ते आपलं ऐकत नाहीत, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मला एवढा वैताग आलेला असूनही रडू आलं. अख्खी सुट्टी, माझा खांदा, आईचे पांढरे कपडे, आणि हे सगळं एका 'बाळ'पायी जाळीत.

बाबा म्हणाले, "साहेब, एकदा अजून."

"तसं म्हटलं तर…"

"तसं म्हटलं तर एकदा अजून," आई म्हणाली. सेक्रेटरी आपल्या खुर्चीकडे परतले. आईने जाळी आत्याच्या डोक्यावरून बाजूला केली. मग तिच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली, "वन्सं. न बोलता."

आत्याने वर बघितलं. आईशी तिची नजर इतक्या जवळून बहुधा पहिल्यांदाच मिळाली असेल. ती एवढंच म्हणाली, "एक शब्द नाही?"

"एकही नाही. आला तर गिळा."

मी ट्रॅक्टर मागे ढकलला, दोरी ओढली. आत्याने ओठ असे मिटले की जणू आत पाणी भरलंय. निघाली. या खेपेला सरळ नव्हती. मधे एकदा डावीकडे कलंडली, सावरली. ती लांब जाईपर्यंत तिचे गाल फुगलेले दिसत होते. पलीकडच्या रेषेशी आल्यावर पाठीवरूनही कळलं की आत शब्दांची गर्दी झालीय. खांदे वर गेले, मान ताठ झाली. मग वेग कमी झाला. पाय खाली गेला. ट्रॅक्टर गोलपोस्टच्या अलीकडे वळला, बाजूच्या रेषेने परत आला आणि सेक्रेटरींच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर उभा राहिला. आत्याने इंजिन बंद केलं. उतरली. तिच्या कपाळावरून घाम वाहत होता.

"उद्यापासून या," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची हातभर मागे घेतली.

आता ती रोज जाते. उशीर झाला म्हणून घाईत चप्पल घालते आणि त्यासाठी मुद्दाम उशीर करते, असा मला संशय आहे. दिवसभर गवत कापते. आम्हाला वाटलं होतं, सुटलो.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरी औषध घ्यायला दुकानात आले आणि बाबांना म्हणाले, "तसं म्हटलं तर तुमच्या ताईंसारखी माणसं हल्ली मिळत नाहीत. दिवसभर तोंडातून शब्द नाही. किती शांत स्वभाव."

बाबांनी घरी येऊन हे सांगितलं. आत्या नुकतीच आली होती, पायाला गवत चिकटलेलं.

"शांत?" ती म्हणाली. "अरे, बोलले की गोलात जाते मी. मग दिवसभर सगळं साठवून ठेवावं लागतं." आणि खुर्ची ओढून ती आमच्या डाव्या बाजूला बसली. "आता सांगते. तो दिवा का लावलास एवढ्यात? आणि तू, बाळ, पुस्तक असं धरतात का? आणि वहिनी, ते झाकण. आधी वाफ जाऊ दे. हळू. हळू."

दिवसभराचं होतं सगळं. जेवणं झाली तरी संपलं नव्हतं.